फ्लॅगस्टाफच्या तळावरील अनामिक मदतनीसांचे आभार

ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळ गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर आमच्या मोटरहोमची (राहण्याची सोय असलेल्या गाडीची) स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी खोली, अर्धवट उघडी अडकली तेव्हा शेजारच्या गाड्यांतून जे वयस्क गृहस्थ आणि जे दांपत्य आपणहून धावून आले, त्यांची नावे विचारण्याचे भान आम्हांला राहिले नाही. म्हणून हे जाहीर आभार.

बटण दाबले की नुसती रिलेची (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचची) टिकटिक ऐकू येई, मोटर मात्र हलत नसे, आणि ती बदलावीच लागणार असे मी धरून चाललो होतो. त्या गृहस्थांनी प्रथम पार्किंग ब्रेक व इग्निशन पाहिले, कारण अनेक गाड्यांत ते योग्य स्थितीत नसल्यास स्लाइड-आउटला वीजच मिळत नाही. मग फ्यूज तपासला आणि शेवटी मल्टिमीटर लावून मला बटण दाबून धरायला सांगितले. बॅटरीवर १२.१ व्होल्ट, मोटरपाशी जेमतेम ९! भार नसताना, म्हणजे बटण न दाबता, मोजले असते, तर हा फरक दिसलाच नसता. दोष चासीवरील, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरील, अर्थिंगची (वीज परत नेणारी) तार जोडणाऱ्या बोल्टला चढलेल्या गंजात होता.

सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या त्या थंडीत दांपत्यातील ताईंनी गाडीखाली विजेरी धरली आणि त्यांच्या यजमानांनी बोल्ट तारेच्या ब्रशने लख्ख घासून पुन्हा आवळला. खोली आत सरकताच साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने त्या तिघांना हात जोडले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र आनंदाने घेतला. आम्ही सारे कुटुंबीय त्यांचे मनःपूर्वक ऋणी आहोत.