काकाजी, तुमचा पांढरा दुपट्टा आमच्याकडेच आहे

काकाजी,

सप्रेम नमस्कार.

हे सारं तोंडानं बोलावं म्हणून दोनदा तुमच्या घराकडे निघालो. एकदा तुम्ही वावरात होता. दुसऱ्यांदा ओसरीतच बसला होता, पण "चहा झाला का" याच्या पुढं माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. म्हणून लिहितो आहे, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल.

आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. आर्वीकडच्या आपल्या गावाहून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. चार तास मशीनवर काढून आलेल्या माणसाला उन्हात एस.टी.ची वाट पाहायला लावणं माझ्यानं होत नव्हतं, म्हणून तर ती जुनी व्हॅन घेतली. मार्चमध्ये तिच्याखाली अंगणात इंजिनच्या तेलाचा काळा डाग दिसला.

पुढच्या दोन महिन्यांत ज्यांच्याकडे गेलो त्यांची नावं लिहीत नाही. पहिल्यानं चेंबरचे, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याचे, बोल्ट होत्या नव्हत्या तेवढ्या जोरानं आवळले. चार दिवसांनी गळती परत सुरू. दुसऱ्यानं चेंबर उतरवून साफसुद्धा न करता फट बुजवायचं सिलिकॉन थापलं आणि पैसे मात्र नव्या पॅकिंगचे घेतले. त्याच्याकडे पुन्हा गेलो तर म्हणाला, "जुनी गाडी आहे, गळणारच. विकून टाका." आई आतच बसली होती. तिनं ते ऐकलं. माझे पैसे गेले त्याचं दुःख आता राहिलं नाही, पण आईच्या कानावर ते वाक्य घातलं याचा राग अजून जात नाही.

मग मे महिन्यातला तो मंगळवार. खरांगण्याच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला आणि मी गाडी बंद केली. आई डोक्यावर ओलं फडकं घेऊन कडुनिंबाखाली बसली. एका काळीपिवळीवाल्यानं आपल्या सवाऱ्या दाटीवाटीनं सरकवून तिला पुढं बसवलं, थेट सेवाग्रामपर्यंत पोचवलं आणि भाडं घेतलं नाही. त्या भावाचंही माझ्यावर ऋण आहे. रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, "आता नको नेऊ मले. माह्यापायी किती करशीन?" डायलिसिसवरचं माणूस "नको नेऊ" म्हणतं त्याचा अर्थ काय होतो, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः आलात. मी बोलवायला आलो नव्हतो. दारात गाडी ओढून आणलेली पाहिली आणि आलात. एस.टी.च्या वर्कशॉपमधली तुमची उभी हयात, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, गुडघे दुखतात, तरी गाडीखाली शिरलात. त्याआधी चाकांना दगड लावले, खाली टेकूच्या दोन लोखंडी घोड्या लावल्या आणि मला दटावलं, "निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाचं नाही बाबू, कधीच नाही."

काम कसं केलं ते सगळं लिहीत बसत नाही. पण तुम्ही जे पाहिलं ते बाकीच्यांनी का पाहिलं नाही, हे मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही आधी खालचा सगळा चिकटा डिझेलनं धुतला, कोरडा केला आणि माझ्या लेकीच्या डब्यातली पावडर त्यावर उडवली. नवं तेल घालून गाडी थोडा वेळ चालू ठेवली, तेव्हा पावडरीवर ओली रेघ उमटली ती नेमकी चेंबरच्या कडेला. इंजिनच्या वरच्या झाकणातून, टॅपेट कव्हरमधून, तेल ओघळत असतं तरी खालून चेंबरच गळल्यासारखा दिसतो, म्हणून आधी खात्री करायची, असं तुम्ही सांगितलं. चेंबर उतरवल्यावर तो खिडकीच्या काचेवर पालथा ठेवून दाखवलात. बोल्ट आवळून आवळून प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा फुगला होता आणि मधल्या फटीतून तेल येत होतं. म्हणजे गळती थांबवायला जो जोर लावला, त्या जोरानंच ती वाढली होती. आणि तेल खेचणाऱ्या जाळीत सिलिकॉनच्या शेवया अडकल्या होत्या. त्या तुम्ही चिमट्यानं एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवल्यात. जाळी पुरती बुजली असती तर वर तेल चढलं नसतं आणि इंजिन जाम झालं असतं, तेही कदाचित आई आत असताना.

लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून तुम्ही तो पत्रा हलक्या हातोडीनं सरळ केलात. पुन्हा काचेवर, पुन्हा हातोडी. कितीदा, ते मी मोजलं नाही. नवं सिलिकॉन बारीक रेघेसारखं लावलंत आणि बोल्ट थोडे थोडे करत सगळे सारखे बसवलेत. मग चोवीस तास कोणी हात लावायचा नाही म्हणालात. मी घाई करत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी तेल भरलं, अर्धा तास इंजिन चालवलं. आणि मग तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढलात. धुतलेला, पांढराशुभ्र. तो चौघडी करून इंजिनखाली अंथरलात, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवलेत आणि घरी गेलात. मी म्हटलं होतं, काकाजी, पुठ्ठा ठेवतो ना. तुम्ही म्हणालात, "पुठ्ठ्यावर वहिनीचा भरोसा नाही बसनार."

शुक्रवारी पहाटे चारला अंगणात बॅटरीचा उजेड दिसला. मी उठून आलो तर तुम्ही दुपट्टा काढून झटकत होता. मला दाखवलाही नाही. सरळ आत गेलात, आई खाटेवर बसली होती, तिच्या मांडीवर तो उलगडलात. "पाय वहिनी. एक थेंब बी नाही. चाल आता."

आईनं त्या कापडावरून हात फिरवला. उलटं करून पाहिलं. मग चप्पल मागितली.

पावणेदोन महिने झाले, तिची एकही फेरी चुकली नाही. तेल मोजायच्या पट्टीवर, गेजवर, तेल खुणेपासून हललेलं नाही. तुम्ही सिलिकॉनच्या ट्यूबचे पैसे सोडून एक रुपया घेतला नाहीत. रात्री-बेरात्री साप चावलेल्याला दवाखान्यात नेणारा, भर पावसात डीपीवर येणारा वायरमन, ही सगळी तुमच्याच जातकुळीची माणसं. आपलं गाव त्यांच्यावर चालतं आणि त्यांना कोणी हार घालत नाही.

आईनं दुपट्टा नीळ घालून धुतला आहे. मी आणून देतो म्हटलं तर देत नाही, तिला स्वतःच्या हातानं द्यायचा आहे. रविवारी रोडगे लावतो आहे, वांग्याची भाजी आहे. काकूंना घेऊन या.

तुमचा,
बाबू