जास्त पॉवरचा बल्ब घ्यायच्या आधी वायरिंग बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसाचा सीझन सुरू झाला की आमच्या कराड-इस्लामपूर पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, हेडलाईट कमी पडतोय, कुठला बल्ब टाकू. आणि ते खरंच आहे हो, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, असा अंधारात चाललेला असतो आणि तो वेळेत दिसला नाही की काय होतं ते आपण दर वर्षी पेपरात वाचतोच. म्हणून उजेड पाहिजे यात वादच नाही. पण त्यासाठी लोक दुकानात जाऊन एलईडी किंवा जास्त वॅटचे बल्ब बसवून घेतायत ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

जुन्या स्विफ्ट, वॅगनआर, बोलेरो यांच्यात एच४ नावाचा हॅलोजन बल्ब येतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन फिलामेंट असतात, ६० वॅटची अप्परला (लांबच्या उजेडाला) आणि ५५ ची डिप्परला (खालच्या उजेडाला), आणि डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या, म्हणजे हेडलाईटच्या आतल्या चकचकीत वाटीच्या, फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तो खाली रस्त्याकडे वळतो. सगळा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेची जागा धरूनच बनवलेला असतो. आता याच होल्डरमध्ये आपण एलईडी बसवला तर काय होतं, त्याच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या, जागा थोडी इकडं तिकडं, मग उजेड कुठंही फाकतो. गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा फुटात रस्ता पांढराफटक दिसतो आणि माणसाला वाटतं वा काय लाईट आहे, पण जवळ एवढं लख्ख असलं की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं उलट कमी दिसतं. म्हणजे ज्या ट्रॉलीसाठी खर्च केला ती पहिल्यापेक्षा उशिरा दिसणार, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यापुढं अंधारी येणार ती वेगळीच.

एलईडी वाईट असं माझं म्हणणं नाही. कंपनीतून एलईडी हेडलाईट घेऊन आलेली गाडी चांगलीच असते कारण तिचा अख्खा दिवाच त्या हिशोबानं बनवलेला असतो. जर्मनीत २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या ओसराम कंपनीच्या एलईडी बल्बला रस्त्यावर परवानगी मिळाली, पण तीसुद्धा कुठल्या गाडीच्या कुठल्या दिव्यात चालेल याची यादी ठरवून. आपल्याकडे मात्र जो होल्डरात बसेल तो लोक बसवतात.

दुसरा प्रकार १००/९० वॅटचा बल्ब. ६० वॅटला एका बल्बला साधारण ५ ॲम्पिअर लागतात, १०० वॅटला ८ च्या वर. मूळ वायर, स्विच आणि होल्डर एवढ्यासाठी बनलेलेच नसतात, होल्डर वितळतो, स्टिअरिंगजवळचा लाईटचा कॉम्बिनेशन स्विच जळतो, आणि प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर उष्णतेनं खराब झाला की मग साधा बल्ब टाकूनही उजेड येत नाही. निळसर बल्बचं तर सांगायलाच नको, काचेवरचा निळा थर उजेड खातो, आणि पावसाळ्यात आंबोली किंवा आंबा घाटात धुक्यात गेलात की समोर नुसती पांढरी भिंत.

मग करायचं काय. आधी हेडलाईटची काच बघा. आठ-दहा वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीची प्लॅस्टिकची काच पिवळी पडलेली असते, ती पॉलिश करून घेतली तरी खूप फरक पडतो. मग इंजिन आणि हेडलाईट चालू ठेवून बल्बच्या पिनांवर मीटर लावून व्होल्टेज बघायला सांगा, हे कुणी करतच नाही. बॅटरीवर पावणेचौदा आणि बल्बवर बारा असं बऱ्याच जुन्या गाड्यांत सापडतं. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी पडलं की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो! म्हणून बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज आणि रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून घेतला की तोच ६०/५५ चा बल्ब वेगळाच वाटतो, कुठलाही चांगला इलेक्ट्रिशियन हे काम करतो. अर्थिंग पण साफ करून घ्या. एवढं करूनही कमी वाटलं तर चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच जास्त उजेडाचा हॅलोजन मिळतो तो घ्या, त्याचं आयुष्य कमी असतं एवढं लक्षात ठेवा, आणि बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू देऊ नका.

शेवटी फोकस. बल्ब कुठलाही असो, भिंतीसमोर सपाट जागेवर गाडी लावून डिप्परच्या उजेडाची वरची रेघ बघायची, १० मीटरवर ती दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पाहिजे (तुमच्या गाडीच्या दिव्यावर टक्केवारी छापलेली असते ती धरा). मागं चार माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं, त्यासाठी डॅशबोर्डवर शून्य ते तीनचं बटण दिलेलं असतं ते वापरा.

केंद्रीय मोटार वाहन नियमातला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडं आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला डोळे दिपता कामा नयेत. नियम चांगला आहे, पण खासगी गाडी एकदा रजिस्टर झाली की १५ वर्षं पासिंगला जात नाही, मग तपासणार कोण? एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या टू-व्हीलरचा तर हेडलाईट कायम चालूच असतो, त्यात फोकस बिघडलेला एलईडी म्हणजे समोरच्याला दिवसरात्र त्रास. माझी परिवहन विभागाला विनंती आहे की पीयूसी काढायला प्रत्येक गाडी येतेच, तिथंच भिंतीवर एक रेघ मारून हेडलाईटचा फोकस तपासायची सोय करा, याला फार खर्च येणार नाही. आणि ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्यांनी वजनकाट्यावर घेऊ नये, हे गाळप सुरू व्हायच्या आधीच झालं पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक, कराड