वावर राहू द्या, घर मोजून पाठवा

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, नाल्याकडचं तीन एकर काढून टाकू, पोरीचं बाहेरदेशाचं शिक्षण होऊन जाईल. फोनवर आकडे राहून जातात, म्हणून लिहिते. दादाला एकदा मोठ्यानं वाचायला सांगा आणि कागद ठेवून द्या.

पण आधी आईचा प्रश्न. "रातभर जागून काय करता बाप्पा तुम्ही?"

आई, आमच्या आर्किटेक्चर कॉलेजातला स्टुडिओ म्हणजे बाकांचा वर्ग नाही, मोठमोठ्या टेबलांचा हॉल आहे. पाच वर्षं, दहा सेमिस्टर, आणि जवळपास प्रत्येक सेमिस्टरला डिझाइन हा विषय. सगळ्यात जास्त तास तोच खातो. एक काम देतात, समजा तालुक्याचं वाचनालय नाहीतर आठवडी बाजाराचे ओटे, आणि ते सेमिस्टरभर चालतं. जागा पाहायची, तशा बांधलेल्या इमारती अभ्यासायच्या, मग कल्पना, नकाशे, छेद (इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र), मॉडेल आणि शेवटी ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडणं. मधे मधे क्रिट असतात. क्रिट म्हणजे सर आपल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर टाकतात आणि लाल पेनानं त्याच्यावर दुसरंच काही काढतात. पोरं रडतात ती इथंच. माझ्या मते लाल रेघ वाईट नसते. ज्यात काहीच नाही, त्या कागदावर सर पेनही टेकवत नाहीत.

जागरण येतं ते पेरणी लांबल्यामुळे. मृगाचा पाऊस सोडून द्यायचा आणि मग दिवाळीपर्यंत पिकाच्या मागं धावायचं, तसं. निम्मं सेमिस्टर नुसत्या 'कल्पनेत' जातं, प्लॅन पक्का होत नाही. प्लॅन हलला की छेद हलतो, छेद हलला की जिना बसत नाही. जिन्यावर तर अर्धा वर्ग आपटतो. बाबा, नव्या घराच्या स्लॅबवर जायला तुम्हीही जिना काढणार आहात, म्हणून हिशेब पूर्ण लिहिते. फरशीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. पायरी ६ इंच उंच धरली तर २० चढ. मधे वळण घेऊन १०-१० चे दोन भाग केले की प्रत्येक भागात ९ पायठे (पाय ठेवायच्या जागा) येतात, कारण दहावा चढ सरळ वळणाच्या चौकावर नेतो. पायठा १० इंचांचा, म्हणजे एक भाग साडेसात फूट लांब. त्यात वळणाचा ३ फुटांचा चौक, आणि खाली उभं राहायला आणखी ३ फूट. रुंदी ३ अधिक ३, मधे अर्धा फूट. म्हणजे जागा हवी साडेसहा बाय साडेतेरा. मिस्त्री ८ फूट लांबी सोडून मोकळा होतो. मग चौक जाऊन उरलेल्या ५ फुटांत ६ च पायठे बसतात, दोन्ही भाग मिळून चढ १४ च होतात आणि एकेक पायरी साडेआठ इंचांच्या वर जाते. आईच्या गुडघ्यांना तो जिना चढवणार नाही. मिस्त्रीला जागा आधीच आखून द्या.

मॉडेलचं दुखणं वेगळं. एकास शंभर या मापात आपली ९ इंची भिंत २.३ मिलिमीटरची होते, म्हणून ३ मिलिमीटरचा बोर्ड घेतात. दोन भिंती कोपऱ्यात भेटतात तिथं एकीच्या लांबीतून बोर्डाची जाडी वजा करावी लागते. ती विसरली की कोपरा ३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे खऱ्या घरात एक फूट, आणि छप्पर बसत नाही. हे कळतं रात्री दोनला. कापताना पट्टी स्टीलचीच हवी, प्लास्टिकच्या पट्टीवर ब्लेड चढतं आणि बोटात जातं. एका जोरात कापायचं नाही, तीनदा हलक्या हातानं ब्लेड फिरवायचं. थर्माकोलला फेव्हिबॉन्ड लावला की थर्माकोलच विरघळून खड्डे पडतात, तिथं साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो, फक्त वाळायला वेळ द्यावा लागतो. वेळ नसतो म्हणूनच लोक चुकीचा गोंद लावतात.

प्रिंटचंही तसंच. ए-वन कागद म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. दुकानदारानं 'कागदात बसव' हे बटण दाबलं की नकाशा थोडा लहान होतो आणि माप पार बिघडतं. ज्युरीतला माणूस पट्टी लावतो तेव्हा तीन फुटांचं दार पावणेतीनचं निघतं. स्क्रीनवर ठळक दिसलेल्या बारीक रेघा कागदावर उमटतच नाहीत. म्हणून आधी एक तुकडा छापून पाहायचा, आणि दुकानात ज्युरीच्या आदल्या दिवशी सकाळीच जायचं, संध्याकाळी तिथं रांग असते.

जागरणाला आमच्याकडे मोठेपणा दिलेला आहे, तो मला पटत नाही. झोपेत कापलेली भिंत परत कापावीच लागते. प्लॅन निम्म्या सेमिस्टरला बंद करायचा आणि पुढं फक्त छेद आणि बारकावे, एवढं पाळलं तर शेवटच्या आठवड्यातही पाच-सहा तास झोप मिळते. आई, ज्युरीच्या आदल्या रात्री फोन करू नको. झाल्यावर कर, आणि मार्क विचारण्यापेक्षा सुधारायला काय सांगितलं ते विचार. जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी पाठव, महिनाभर टिकते. पाटवड्या नको, एसटीतच आंबतात.

फिरण्याचं म्हणाल तर रविवारी वही घेऊन निघायचं, तर्री-पोहे खायचे आणि बसून काढायचं. दीक्षाभूमीचा स्तूप काढायला सोपा दिसतो पण नाही, घुमटाची गोलाई हातात येत नाही. शिवदान मल यांचं ते काम, २००१ साली खुलं झालं. हायकोर्टाची इमारत हेन्री मेड यांची, १९४० ची. आणि 'नासा'ला जाते म्हटल्यावर बाबा आकाशाकडे पाहू नका. ती वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची देशभरची संघटना आहे, १९५७ पासूनची. तिच्या स्पर्धांत एक ट्रॉफी जुन्या वास्तू मोजून कागदावर उतरवण्यासाठीच असते. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

आता वावराचं.

बाहेर जायचं ते इथली पदवी घेऊन, दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्यानं इथं नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. नोंदणी इथल्या बी.आर्क. पदवीवर सरळ होते. ती एकदा झाली की पुढचं शिक्षण कुठंही घ्या. आणि पदवी झाल्या झाल्या पळायचंही नाही. आधी दोन वर्षं ऑफिसात काम, साइटवर उभं राहणं, मग अर्ज. काम केलेल्या माणसाच्या पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबतच्या कामांच्या वहीत, खऱ्या भिंती असतात. म्हणजे पैशाची घाई आज नाही, आणि घाईत विकलेल्या वावराला भाव येत नाही हे मी तुम्हाला काय सांगणार.

देश म्हणून जर्मनी मनात आहे, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरला थोडी वर्गणी तेवढी भरायची. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. व्हिसासाठी एका बंद खात्यात सध्या ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर बारा लाखांना थोडे कमी. हा आकडा ऐकूनच लोक सातबारा काढतात. पण ती फी नाही, आपलीच रक्कम आहे. तिथं पोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्यातूनच मिळतात, खोलीभाडं, जेवण, विमा त्यातच. दुसऱ्या वर्षी व्हिसा वाढवताना पैसे आहेत हे पुन्हा दाखवावं लागतं, ते मात्र कोणी आधी सांगत नाही.

किरकोळ वाटणारे खर्चही मांडून ठेवा. भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षणाचे कागद तपासल्याचं एपीएस नावाचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. बरीच विद्यापीठं अर्ज एका मध्यवर्ती संस्थेमार्फत घेतात, तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसाचे ७५. वर तिकीट आणि इंग्रजीची परीक्षा. त्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून आत्ता देण्यात अर्थ नाही. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची तिथं परवानगी आहे, पण तिथंही स्टुडिओ असणारच, म्हणून त्यातले निम्मे दिवसच हिशेबात धरायचे. आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात काम हवं तर जर्मन यायला हवी. ती इथूनच शिकायची.

कर्जाचं असं आहे. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्याहून जास्तीला तारण मागतात. आणि बाबा, शेतजमीन तिथं सहसा चालतच नाही. बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँक ती घ्यायला तयार होत नाही. एफडी, विमा, बिनशेती प्लॉट चालतो. म्हणजे वावराचे दोनच रस्ते उरतात, विक्री नाहीतर सावकार. दोन्ही नकोत. दोन वर्षांच्या पगारातून शिल्लक, थोडं कर्ज, आणि जर्मनीच्या डाड या संस्थेची शिष्यवृत्ती, या तिन्हीवर मी हिशेब बसवते आहे. डाडची मास्टर्सची शिष्यवृत्ती खास आर्किटेक्टसाठीही असते. तिला शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणजे दोन वर्षं नोकरी करूनही आपण मुदतीत राहतो.

तुमच्याकडून पैशापेक्षा कागद लवकर लागतील. सातबाऱ्यावर, आधारवर आणि माझ्या मार्कशीटवर बाबांचं नाव अक्षर न अक्षर एक आहे का ते दादाला तपासायला सांगा. एक वेलांटी वेगळी निघाली की बँकेतही अडतं आणि पासपोर्टलाही. बदल करायचा तर आत्ताच करा, हंगामात तहसीलला खेटे घालायला वेळ नसतो. पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, आणि चौकशीला पोलीस घरी आले तर आई घाबरू नको, त्यांचं ते कामच आहे.

आता खरं मागणं. मास्टर्सला मार्कांइतकाच, कधी त्याच्याहून जास्त, पोर्टफोलिओ बघतात. निवडक कामांची पंधरा-वीस पानं. संगणकावर रंगवलेल्या काचेच्या इमारती प्रत्येकाकडेच असतात. आपलं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर दुसऱ्या कोणाकडे नसेल. सेवाग्रामची बापूकुटी याच जातीची आहे, माती, बांबू आणि कवेलू, आणि ती पाहायला वास्तुकलेची पोरं लांबून येतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्या जाड भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. चार-पाच इंचांचा स्लॅब संध्याकाळीच तापून डोक्यावर उतरतो. तुम्ही ते घर पाडणार आहात त्याला माझी हरकत नाही, गळतीचा त्रास तुम्ही काढता, मी नाही. फक्त आधी मोजून द्या. मागची एक खोली राहिली तर उन्हाळ्यात तुम्हालाच बरं.

मोजायचं असं. ३० मीटरचा टेप घ्या, धरायला दोघं, लिहायला तिसरा. आधी प्रत्येक खोलीचा हातानं आराखडा काढा, वेडावाकडा चालेल. टेपचा शून्य एका कोपऱ्यात धरा आणि तो न हलवता दार सुरू, दार संपलं, खिडकी सुरू, असं सरळ वाचत जा. तुकड्या-तुकड्यानं मोजलं तर चुका साचत जातात. चार बाजू झाल्यावर दोन्ही तिरपे कर्णही घ्या, कारण जुनी खोली काटकोनात नसतेच, आणि कर्णाशिवाय ते मला इथं बसून कळणार नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. खिडकी जमिनीपासून किती वर, तिच्या माथ्यापर्यंत किती, आढ्यापर्यंत किती आणि छपराच्या खालच्या काठापर्यंत किती. वासे मोजा, दोन वाशांमधलं अंतर लिहा. भिंत बाहेर झुकली असेल तिथं वरून ओळंबा सोडा आणि पायथ्याशी किती इंच सुटतं ते लिहा. ओसरी आणि न्हाणी यांच्या उंचीतला फरक मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीनं घ्या. भेगाही काढा, कुठून कुठवर. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आपल्या भेगा तिरप्या आहेत त्या तेवढ्यासाठी. उत्तर दिशा मोबाइलवर बघाल तर टिनाच्या छपरीपासून लांब उभे राहा, लोखंडाजवळ काटा चुकतो.

फोटो प्रत्येक भिंतीचे समोरून, तिरपे नको. भिंतीला टेकवून एक काठी उभी ठेवा, तिच्यावर फुटाफुटावर चुन्याची खूण करा.

कवेलू उतरवाल तेव्हा चार-पाच धड असलेले निवडून गोणपाटात गुंडाळून कोठ्यात ठेवा, माणसाला फेकू देऊ नका. दिवाळीत आले की त्यांची मापं मी घेईन.

तुमची लेक