तात्या, बर्फाचे पैसे राहिलेत

तात्या, स. न. वि. वि.

परवा रात्री मनालीहून परतलो. गाडी अजून धुतलेली नाही. खाली हिमाचलचा चिखल आणि त्यावर गुजरातची धूळ असे दोन थर बसलेत. आई म्हणते, राहू दे दोन दिवस, सोसायटीत दिसू दे जरा. बर्फ बघून आलेली बाई आहे ती आता, बोलायची सोय नाही.

हे तुमच्यासमोर उभं राहून बोलायला हवं होतं. पण तुमच्या टायरच्या दुकानात कुणी आभाराचं काढलं की तुम्ही ‘चहा सांगू का?’ म्हणून विषय मोडता, आणि चहा येईपर्यंत तुमचं डोकं कुणाच्या तरी चाकाखाली गेलेलं असतं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. मुलगा वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठू नका.

सुरुवात तुमच्यापासून झाली नव्हती, हेही सांगून टाकतो. आधी मी एका मोठ्या, काचेच्या, एसी दुकानात गेलो होतो. नाव घेत नाही. गेल्या वर्षी पुढचे दोन टायर तिथेच बदलले होते, ‘कालच कंपनीतून आलेत’ असं ऐकून. यंदा म्हटलं, जानेवारीत आईला घेऊन मनाली आणि पुढे अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जायचंय, काय करू? टाय घातलेल्या मुलाने गाडीकडे न बघताच सांगितलं, ‘सर, तुमचे ऑल-सीझन आहेत, डोळे झाकून जा.’ मग एक इंच मोठी रिम आणि रुंद टायर घ्या, ग्रिप वाढेल. मग नायट्रोजन भरा, थंडीत प्रेशर उतरत नाही. कोटेशन छापून मिळालं, पाण्याची बाटलीही मिळाली. गाडीखाली वाकून मात्र कुणी पाहिलं नाही.

तुम्ही पहिलं काम तेच केलंत. माहीमच्या मंडईअलीकडच्या त्या बोळात, दुपारच्या उन्हात, पोतं अंथरून आडवे झालात आणि आतून आवाज आला, ‘साहेब, टॉर्च धरा.’ टायरची तारीख आतल्या बाजूला होती. चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘काल आलेले’ माझे टायर बसवले तेव्हाच तीन वर्षांचे होते. तारखेची बाजू आत जाणं हा योगायोग की हुशारी, यावर तुम्ही काही बोलला नाहीत. मी बोलतोय.

मग तो छोटा पितळी गेज काढलात आणि नक्षीत खुपसलात. पुढे तीन मिलिमीटर. मागचे कंपनीचे मूळ टायर, त्यांच्या गालांवर बारीक भेगा. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, ते माझ्याकडे होते. ‘कायदा मुंबईत ठीक आहे. बर्फात चारच्या खाली जाऊ नये म्हणतात,’ असं म्हणून तुम्ही लगेच पुढे जोडलंत, ‘मी बर्फात गाडी चालवलेली नाही हां. बर्फ मी मासळीच्या पाटीत बघितलाय. पण रबर मला कळतं.’

तात्या, या वाक्यावर मी तुमचा झालो. या शहरात ‘मला हे माहीत नाही’ म्हणणारा माणूस मला कितव्या वर्षी भेटला? डॉक्टर म्हणत नाही, ब्रोकर म्हणत नाही, पत्ता विचारला तर पानवालासुद्धा म्हणत नाही. तो चुकीचा पत्ता देतो पण देतो.

आणि रबर खरोखरच तुम्हाला कळतं. जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या कारखान्यात घातलेली वर्षं तुमच्या बोटांत आहेत. तुम्ही सांगितलंत की आपल्या नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली ताठ व्हायला लागतं, रस्त्याला चिकटायचं सोडून घसरायला लागतं. घरी येऊन मी शोधलं, तर सांताक्रूझची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ ची. म्हणजे मुंबईने आपल्या टायरांना तो आकडा कधी दाखवलेलाच नाही! मग त्या टायवाल्या पोराला तरी काय बोलायचं, त्याच्या गावात थंडी म्हणजे फॅन एकवर.

तुमच्याकडे त्या दिवशी जे कळलं ते त्या कोटेशनच्या कागदावर कुठेच नव्हतं. बर्फाच्या टायरचं रबर मुळात मऊ असतं, थंडीतही मऊ राहतं, आणि नक्षीच्या प्रत्येक गोटीत ब्लेड मारल्यासारख्या चिरा असतात; त्यांत बर्फ अडकतो आणि बर्फाला बर्फ धरतो. त्यांच्या गालावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी अशी खूण असते. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं तर ते नक्षीपुरतं, त्यावरून थंडीतल्या परीक्षेची खात्री धरू नये. माझ्या ‘ऑल-सीझन’ टायरांवर दोन्हींपैकी काहीच नव्हतं. रुंद टायरचं तर उलटंच निघालं: ताज्या बर्फात अरुंद टायर खाली रुततो आणि जमीन गाठतो, रुंद वर तरंगतो. आणि नायट्रोजनवर तुम्ही हसलात ते हसू मी कोटेशनच्या मागे लिहून ठेवलंय. आपण श्वासात घेतो त्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग तोच आहे, आणि थंडीत तोही आक्रसतो.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी खिशात हात घातला. म्हटलं, मागवा ते डोंगरवाले टायर. तर तुम्ही धंदाच नाकारलात. ‘दोन हजार किलोमीटर तू अमदाबाद-उदयपूरच्या डांबरावरून जाणार आणि बर्फावर चालणार वीस. ते मऊ रबर आपल्याकडे लोण्यासारखं झिजेल. साधेच घे, चारही सारखे, ताज्या तारखेचे, गाडीच्या पुस्तकात आहे त्याच मापाचे. आणि बर्फात चाकांवर चढवायची चेन घे. जोराचा बर्फ पडला तर गाडी हॉटेलात ठेव, तिथली टॅक्सी कर, मान खाली जात नाही त्यात.’ या बोलण्यात ‘साहेब’चा ‘तू’ कधी झाला, मला कळलंही नाही.

टायर बसवल्यावर हवेचा आकडाही तुम्ही इथून लिहून दिला नाहीत. पाच-सहा अंशांमागे साधारण एक पौंड थंडीने उतरतो, वर उंचीमुळे काटा थोडा चढतो, मग मुंबईच्या काट्यावर कशाला विसंबायचं? तिथे सकाळी, गाडी हलवायच्या आधी, पुस्तकाप्रमाणे भर. झालं.

पण पत्र लिहायला मी बसलोय ते टायरसाठी नाही. टायरचे पैसे मी दिलेत, तुम्ही घेतलेत. हे पत्र त्या रविवारासाठी आहे.

चेन मी ऑनलाइन मागवली होती. खोक्यावर चित्रं होती, अक्षरं होती ती कुठल्या लिपीतली देव जाणे. तुमच्या दारात फूटपाथला लागून गाडी लावली आणि पुढच्या चाकांना ती चढवायला बसलो. पुढच्याच, कारण इंजिन तिथलीच चाकं ओढतं. पहिल्यांदा वीस मिनिटं गेली. घामाने शर्ट पाठीला. तुम्ही स्टुलावर बसून नुसतं बघत होतात. चढली तेव्हा स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवायला लावलंत, आत ब्रेकच्या पाइपला कडी घासते का ते पाहिलंत. ‘काढ. परत.’ दुसऱ्यांदा दहा मिनिटं. मला वाटलं, आता शाबासकी.

‘इथे बोटं चालतायत. तिथे चालतील?’

एवढं बोलून तुम्ही उठलात आणि दोन दुकानं सोडून बसणाऱ्या कोळीण मावशींकडे गेलात. परत आलात ते निळी बादली घेऊन. काठोकाठ फोडलेला बर्फ, त्यात पापलेटची दोन-तीन चंदेरी खवलं. ‘हात घाल. मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत.’

माझी मुलगी खिदळत होती. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बघायला आला. बत्तीस अंशांत मी मनगटापर्यंत मासळीच्या बर्फात! पहिल्या मिनिटाला मजा वाटली, दुसऱ्याला हाडं दुखली, मग काहीच वाटेना. ‘आता लाव.’ आणि तात्या, ती आतली कडी मला लागेना. बोटं दिसत होती, माझीच होती, पण वळत नव्हती. चिमटीतून हूक निसटून तीनदा खाली पडला. तेव्हा पोटात जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं, कारण त्या बादलीशेजारी आई खुर्चीवर बसली होती, वय अडुसष्ट, आणि तिला घेऊन मी तिकडे जाणार होतो.

तुम्ही म्हणालात, ‘चिमूट विसर. तळव्याने ढकल आणि मुठीने ओढ.’ पण मुठीत धरायला हुकाला काही नव्हतं. तुमचा हात सवयीने जुन्या ट्यूबच्या पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला. ‘रबर नको, तिकडे ताठ होईल.’ मावशींनी तिकडूनच ओरडून विचारलं काय झालं, आणि पाटीखालून जाळ्याची नायलॉनची दोरी काढून आणली. दोन्ही हुकांना मूठ मावेल एवढे फासे त्यांनीच बांधले. ती गाठ कसली होती ते मला आजही सोडवता येत नाही.

बर्फातून हात, मग चेन. बर्फातून हात, मग चेन. असं चार वेळा. शेवटी सहा मिनिटं. दरम्यान तुमचे दोन गिऱ्हाईक निघून गेले, मी पाहिलं.

संध्याकाळी तुम्ही वाशीच्या बाजारात सफरचंद घेऊन येणाऱ्या एका हिमाचली ट्रकवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिलात. ‘ब्रेक को भूल जाओ जी, गियर याद रखो,’ हे त्याचं पहिलं वाक्य. सावलीतल्या वळणांवर सकाळी काचेसारखा थर असतो, तो दिसत नाही. रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, गोठून बसतो. पहिल्या गियरमध्ये गाडी आणि चाकाला दगड. चेन चढवली की शंभर पावलं जाऊन पुन्हा आवळायची. कोरडा रस्ता लागला की काढायची.

आता तिकडचं थोडक्यात. सिस्सूला दुपारी आईने बर्फ मुठीत घेतला, तोंडाला लावला आणि ‘अगदी गोळ्यासारखा, नुसतं सरबत नाही’ म्हणाली. तीननंतर आभाळ भरून आलं. नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून अलीकडे, मनालीच्या बाजूला बाहेर पडलो तर समोर सगळं पांढरं. पोलीस खुणा करत होते, चेन नसेल तर पुढे नाही. पाच वाजून गेले होते. मी खाली उतरलो.

हातमोजे दोन मिनिटांत भिजले, काढून टाकले. मग बोटं गेली. अगदी तशीच, दिसतात पण वळत नाहीत. आणि तात्या, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, अरे, ही तर बादली! फाशात मूठ घातली, ओढली, तळव्याने ढकललं. दोरीला अजून सुरमईचा बारीकसा वास होता. तिथे, दहा हजार फुटांवर, माहीमच्या मंडईचा वास.

आमच्या पुढे एक पांढरी गाडी होती, मागे ‘फोर-बाय-फोर’ लिहिलेली, चकचकीत रुंद टायर. ती चढावर सुटायला सुटली झटकन, पण उतारावर थांबायला चारही चाकं फिरून उपयोग नसतो. ब्रेकचे दिवे लागले आणि ती आडवी होत, आवाज न करता, कुणी ओट्यावरून ताटली सरकवावी तशी कडेच्या दगडांपर्यंत गेली. टेकून थांबली. कुणाला लागलं नाही. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो पलचानला काळा रस्ता दिसेपर्यंत काढला नाही. दुसरा गियर, पंधराचा वेग, ब्रेकला पाय लावला असेन तर तीनदा.

चेन धुऊन, पुसून, तेल लावून डिकीत ठेवली आहे. फासे काढलेले नाहीत. आईने तुमच्यासाठी तिकडचा राजमा घेतलाय, दोन किलो, एक मावशींचा. शनिवारी घेऊन येतो. त्या रविवारी निघताना मी मावशींना बर्फाचे पैसे विचारले तर त्या म्हणाल्या तात्याने दिले, आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात तिने घेतलेच नाहीत. शनिवारी दोघांना समोरासमोर उभं करून विचारणार आहे.

तुमचा,
टॉर्च धरणारा