निळी नोट दोनदा बघ

मन्या,

व्हिएतनामला पैशाचं काय करायचं ते फोनवर सांगताना नेमकी तुझी लिफ्ट आली, म्हणून लिहूनच पाठवतोय. काका-काकू पण येतायत ना, मग नीट वाच, आईला घेऊन गेलो तेव्हा मी जे घोळ घातले ते तू घालू नकोस.

निघायच्या आधी घरी बसूनच बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू कर. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त भारतापुरतंच चालू असतं, मला हे माहीत होतं आणि तरी विसरलो. हनोईला उतरल्यावर एटीएमने दोनदा कार्ड बाहेर फेकलं, ॲप उघडलं तर ओटीपी इकडच्या नंबरवर आणि रोमिंग घेतलेलं नाही. आई बॅगांवर बसून राहिली, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. शेवटी तिच्या पर्समधले शंभर डॉलर तिथेच काउंटरवर मोडले. म्हणून थोडे डॉलर ठेवच, शंभराच्याच नोटा, कोऱ्या. पेनाची रेघ किंवा शिक्का असला तरी तिकडे नाक मुरडतात, तेव्हा इथे घेतानाच उलटून-पालटून बघ.

एटीएमचं अजून एक. मशीन विचारतं की रुपयात कन्व्हर्ट करून देऊ का, वर रेट पण दाखवतं, वाटतं किती सोय आहे! नाही म्हणायचं. हो म्हटलंस की रेट त्यांचा, आणि तो आपल्या बँकेपेक्षा बहुतेक वेळा महागच पडतो. मी एकदा घाईत हो दाबलं, घरी येऊन स्टेटमेंट बघितल्यावर कळलं. बरीच मशीनं एकावेळी वीस-तीस लाख डोंगच (तिकडचं चलन) देतात आणि दर वेळी चार्ज वेगळा, म्हणून देतंय तेवढं एकदम काढ.

हो, वीस लाख. रुपयाला साधारण तीनशे डोंग, म्हणजे साडेसहा-पावणेसात हजार रुपये झाले. आई म्हणाली, "वीस लाख खिशात घालून हिंडतोयस होय रे?" पण हिशोबाला तीच पक्की निघाली, दोन शून्यं काढायची आणि तीनने भागायचं, पन्नास हजारांचं फो (तिकडचं नूडल्सचं सूप) म्हणजे पाचशे भागिले तीन, एकशे सहासष्ट रुपये. मी फोनवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत हिचं उत्तर तयार. मेनूवर नुसतं 50 लिहिलेलं असलं तर पन्नास हजार समज, हजार सगळे गाळतातच.

आता मुख्य गोष्ट. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांची पण निळीच, दोन्हीवर त्यांचे नेते हो चि मिन्ह. एक सदुसष्ट रुपयांची, दुसरी साडेसोळाशेची! हनोईत रात्री टॅक्सीतून उतरताना मी वीस हजार समजून पाच लाखांची दिली, हॉटेलवर हिशोब करताना लक्षात आलं. त्या ड्रायव्हरला तरी काय बोलणार, अंधारात मीच काढून दिली. होई आन नावाच्या जुन्या गावात आईनेही शहाळंवालीला तेच केलं, तर ती बाई अर्धी गल्ली मागे धावत आली नोट परत द्यायला. तिथेच पुढे तो जुना जपानी पूल आहे, वीस हजारांच्या नोटेवर छापलाय तो. आई नोट हातात धरून पुलासमोर उभी राहिली आणि चित्र पटल्यावरच पुढे गेली. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात, आणि काकूंना पण तसंच करायला सांग.

सोनाराच्या दुकानात डॉलरला रेट चांगला मिळतो असं कोणीतरी सांगेलच तुला. मिळतो, पण लायसन नसलेल्याकडे बदलणं बेकायदा आहे. 2018 मध्ये कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने सोनाराकडे फक्त शंभर डॉलर बदलले तर त्याला नऊ कोटी डोंग दंड लावला होता, म्हणजे तीन लाख रुपये! फार बोंबाबोंब झाली तेव्हा माफ केला. आपल्याला कशाला ती भानगड, बँकेत पासपोर्ट दाखवून बदल. मोठ्या हॉटेलात, मॉलमध्ये कार्ड चालतं, पण फुटपाथवरच्या छोट्या स्टुलावर बसून खायचं तर रोखच, आणि खरं खाणं तिथेच आहे. नाणी वगैरे नाहीत, सगळ्या नोटाच, लहान नोटा जपून ठेव, सकाळी सकाळी पाच लाखाला सुट्टे कोणी देत नाही.

उरलेले डोंग तिथेच संपव, इकडे कोणी विचारत नाही. माझ्याकडे तीन लाख साठ हजार तसेच पडलेत, दोन जणांनी नको म्हणून सांगितलं. तुमच्या पहिल्या टॅक्सीला आणि कॉफीला होतील. रविवारी ये आणि घेऊन जा, बाराशे रुपये जीपे कर.

तुझा,
पक्या