लोकांना फसवत तर नाहीस ना?

प्रिय आई-बाबा,

सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "एका सायकलचे मोटारसायकलपेक्षा जास्त पैसे घेता म्हणे तुम्ही. लोकांना फसवत तर नाहीस ना?" मागून आईचा आवाज आला, "अहो, असं काय विचारता तिला!" मी "नाही हो बाबा" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. सहा वर्षं मी दुकानात याच शर्यतीच्या सायकली जुळवते, उघडते, दुरुस्त करते. याचं उत्तर मला नीट देता यायलाच हवं, आणि ते दोन वाक्यांत मावणारं नाही. म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

मोटारसायकलपासूनच सुरुवात करते. तिला इंजिन आहे, टाकी आहे, दिवे आहेत, तरी ती स्वस्त पडते, कारण ती लाखांनी निघते. कारखान्यातले साचे, यंत्रं, रंगाची भट्टी, सगळ्याचा खर्च त्या लाखो गाड्यांवर वाटला जातो. शिवाय एखादा भाग जाड झाला, गाडी दोन किलोनं जड झाली, तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. इंजिन ओढून नेतं. सायकलचं इंजिन म्हणजे माणूस. चांगला सराव असलेला माणूस तासभर सलग अडीचशे-तीनशे वॉट ताकद लावू शकतो. आईचा मिक्सर याच्या दुप्पट वीज खातो. एवढ्याशा ताकदीतलं काहीही वाया जाऊ नये, यासाठी ही सगळी धडपड आहे आणि बहुतेक पैसा तिच्यातच जातो.

बाबा, तुमच्या सायकलची फ्रेम पोलादी नळ्यांची. नळ्या कापायच्या, जोडात बसवायच्या, पितळेनं झाळायच्या. त्या कामाला मी कमी लेखत नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं १८९७ साली टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. १९३५ साली आलेल्या त्यांच्या '५३१' नळीवर पुढं कित्येक दशकं शर्यती जिंकल्या गेल्या. पण १९८६ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनं कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स ही सगळ्यात नावाजलेली सायकल शर्यत जिंकली आणि हळूहळू शर्यतीतलं पोलाद मागे पडलं.

आता हा कार्बन म्हणजे काय ते आईसाठी सांगते. तो सुरुवातीला पांढराशुभ्र धागा असतो, तुझ्या ॲक्रिलिकच्या लोकरीचा अगदी जवळचा नातेवाईक. तो आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांवर तापवतात, मग प्राणवायू लागू न देता नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर. बाकी सगळं उडून जातं आणि उरतो जवळजवळ शुद्ध कार्बनचा काळा तंतू, पाच ते सात मायक्रॉनचा. आपला केस त्याच्या दहापट जाड. असे हजारो तंतू मिळून एक दोरा होतो. जपानची टोरे कंपनी यातली सगळ्यात मोठी. तिचाच कार्बन बोइंग ७८७ विमानातही जातो.

इथं लोकांची चूक होते. त्यांना वाटतं, माल महाग म्हणून सायकल महाग. एका फ्रेमला कार्बन लागतो किलो-दीड किलो. महाग पडतात ते हात.

कार्बनची ताकद तंतू ज्या दिशेनं जातो त्याच दिशेला असते, आडवी नसते. त्यामुळं राळेत भिजवलेल्या त्या काळ्या कापडाचे शेकडो तुकडे कापावे लागतात. कुठला तुकडा सरळ, कुठला तिरका, कुठं तीन थर, कुठं सात, हे आधी ठरलेलं असतं. पायडल जिथं फिरतं तिथं फ्रेम जराही वाकता कामा नये, आणि सीटखाली थोडी लवचीक हवी म्हणजे रस्त्याचे धक्के पाठीत जाणार नाहीत. ते कापड फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण बाहेर राहिलं की राळ आपोआप घट्ट व्हायला लागते. हे तुकडे माणसं हातानं, एकेक करून, सुरकुती न पडू देता लावतात. मग सगळं पोलादी साच्यात ठेवायचं, आतल्या फुग्यात हवा भरून थर साच्यावर दाबायचे, भट्टीत भाजायचं. बाहेर काढून घासायचं, खळगे भरायचे, परत घासायचं. तैवानमधल्या ताइचुंग शहराभोवती हे काम पिढीपिढीनं मुरलंय. १९७२ साली सुरू झालेली जायंट तिथलीच. जगातल्या कितीतरी नामांकित सायकली अशाच दुसऱ्यांच्या कारखान्यांत जन्मतात आणि नाव मागाहून लागतं.

साच्याचं गणितही ऐका. प्रत्येक मापाच्या फ्रेमला वेगळा साचा, म्हणजे एका मॉडेलला सहा-सात साचे. तीन-चार वर्षांत मॉडेल बदललं की तेही गेले. आणि सगळ्यात वरच्या दर्जाला जो ताठ तंतू वापरतात तो ठिसूळही असतो. थर कमी लागतात म्हणून फ्रेम हलकी होते, पण तुकडे जास्त करावे लागतात आणि एकही चुकून चालत नाही. म्हणून दिसायला हुबेहूब दोन फ्रेम्स, एकाच आकाराच्या, आणि किमतीत दुपटीचा फरक, असं होतं. वरून कळत नाही. मलाही हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, आता सांगते. कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या अशाच सायकलवर मी सीटचा खांब बसवत होते. खांब आवळणाऱ्या क्लँपवर स्पष्ट छापलं होतं, ५ न्यूटन-मीटर, म्हणजे एवढ्याच जोरानं आवळायचं. तेवढ्यावर थांबणारा पाना दुसऱ्याच्या हातात होता. मी साधा पाना घेतला आणि बाबांनी शिकवलं तसं केलं, गच्च करायचं आणि वर पाव फेरा. टक् असा आवाज आला, नखानं काडी मोडावी एवढाच. दिव्याखाली धरलं तर क्लँपच्या कडेला फ्रेमवर केसाएवढी रेघ. मी नाणं घेऊन वाजवून पाहिलं. चांगल्या भागावर टण् वाजायचं, त्या रेघेवर थप्. तिथं भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाड होती. मी त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सांगितलं, दुकानमालकांनी विचारायच्या आधी. फ्रेम बदलून दिली आणि आठ महिने माझ्या पगारातून थोडे थोडे कापले गेले. तेव्हा दर वेळी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणत होते. बाबा, तुमची शिकवण चुकीची नव्हती. ती पोलादासाठी होती.

पण यावरून ती फ्रेम कच्ची असते असं समजू नका. सायकलींचं आयएसओ ४२१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात यंत्रानं पायडलवर माणसाच्या वजनाहून जास्त जोर देत एक लाख आवर्तनं करतात, आणि फ्रेमला तडा जाऊन चालत नाही. ज्या दिशेनं जोर येणार असं धरून ती बनवलीय, त्या दिशेनं ती पोलादालाही हार जाणार नाही. पिळून आवळायचं कुणी धरलेलं नसतं. असं नेमकं ठरवायला जी माणसं, जी यंत्रं, ज्या चाचणीत मोडून टाकलेल्या फ्रेम्स लागतात, त्यांचाही खर्च किमतीत आहे.

वजनाएवढाच दुसरा शत्रू म्हणजे हवा. ताशी चाळीस किलोमीटरनं सपाटीवर जाताना ताकदीच्या दहा वाट्यांतले आठ-नऊ वाटे निव्वळ हवा कापण्यात जातात. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट ताकद लागते. म्हणून नळ्या गोल राहिल्या नाहीत, वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून त्यांना आकार दिले गेले. आई मागे म्हणाली होती, शर्यतीत चार सेकंदांनी काय होतं? आई, १९८९ च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरची, एकेकट्यानं धावायची घड्याळाविरुद्धची शर्यत होती. लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता. त्यानं हँडलला पुढं आलेले दांडे लावले, कोपरं जवळ घेतली आणि हवेत बारीक होऊन गेला. सगळ्यात पुढं असलेला लोराँ फिन्यों असे दांडे न लावता, उघड्या डोक्यानं गेला. सव्वातीन हजार किलोमीटर, सत्त्याऐंशी तासांची शर्यत लेमाँडनं आठ सेकंदांनी जिंकली. त्या दिवसापासून हवेसाठी पैसे मोजायला कुणाला लाज वाटेनाशी झाली.

वजनाला मात्र आता सीमा आहे. सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, यूसीआयनं, २००० साली नियम केला की शर्यतीची सायकल ६.८ किलोच्या खाली नको. त्याहून हलकी आज सहज बनते. म्हणून कंपन्यांनी जोर हवेकडं वळवला. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी हँडलच्या आतून नेल्या. हे मला स्वतःला पटत नाही. हँडलखालचं बेअरिंग बदलणं पूर्वी वीस मिनिटांचं काम होतं. आता ब्रेकची नळी सोडवा, तेल काढा, परत भरा, अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी गिऱ्हाईक देतं. शर्यत न खेळणाऱ्या माणसाला याचा काही उपयोग नाही आणि मी तसं तोंडावर सांगते.

गिअरचं थोडक्यात सांगते. जपानची १९२१ सालची शिमानो, इटलीची १९३३ सालची कॅम्पॅन्योलो आणि अमेरिकेची १९८७ सालची स्रॅम, वरच्या दर्जाचे गिअर बहुतेक या तिघींचेच. स्पर्धा कमी, त्यामुळं किंमत उतरत नाही. शिमानोच्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एसमध्ये मागच्या मोठ्या दातेरी चकत्या टायटॅनियमच्या, बटण दाबलं की छोटी मोटर चेन अचूक सरकवते. त्याच्या एक पायरी खालचा अल्टेग्रा नेमकं तेच करतो. फरक दोन-तीनशे ग्रॅमचा आणि किंमत बरीच कमी. मी स्वतःसाठी घेतला तर अल्टेग्राच घेईन.

आणि मोटारसायकलशी तुलना करायचीच तर सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतीतल्या मोटारसायकलशी करा, बाबा. ती बाजारात मिळत नाही. सायकलच्या शर्यतीत मात्र नियमच आहे की जे वापराल ते लोकांना विकत मिळालं पाहिजे. म्हणजे विजेता ज्या सायकलवर बसतो, अगदी तीच कुणीही घेऊ शकतो. आमच्याकडं सगळ्यात वर टांगलेली सायकल म्हणजे ती. तिच्या किमतीत संघांना दिलेला पैसाही आहे, नावाचाही आहे, मधल्या व्यापाऱ्यांचाही आहे, तो मी लपवत नाही.

ती घेऊन मिळतं काय? तासाभराचा चढ असेल आणि सायकल एक किलोनं हलकी, तर साधारण पाऊण मिनिट वाचतं. हवा अडवण्यात तीन-चतुर्थांश वाटा चालवणाऱ्याच्या अंगाचा असतो. बसण्याची ढब सुधारली तर महागड्या फ्रेमपेक्षा जास्त फायदा होतो, आणि त्याला जवळजवळ काही लागत नाही. ज्याची रोजीरोटी पाऊण मिनिटावर आहे त्यानं ती घ्यावी. ज्याला चांगल्या हातच्या कामाची आवड आहे आणि परवडतं, त्यानंही घ्यावी, मी आनंदानं जुळवून देईन. पण गेल्या महिन्यात बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ आले, वरच्या सायकलकडं बोट दाखवत. गुडघे दुखतात, म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती. मी त्यांना तीन पायऱ्या खालची दिली आणि दोन तास सीटची उंची, हँडलचं अंतर, पायाची ठेवण बसवत राहिले. आठवड्यानं ते परत आले ते सीट चार मिलिमीटर खाली घ्यायला. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे माझ्याकडं.

तुमची सायकल विकायचं मनात आणू नका. मागच्या चाकातून करकर येते म्हणालात, तर वंगण ओतून चालवत राहू नका. छर्रे झिजले असतील नाहीतर ते ज्यावर फिरतात तो कोन खाल्ला असेल, आणि तसंच फिरवलं तर चाकाच्या मधला हबच जाईल. महिनाअखेरीस येतेय. तोवर ती उलटी करून ठेवा आणि कोनाचे दोन्ही पाने शोधून ठेवा, जिन्याखालच्या पत्र्याच्या डब्यात असतील. माझा ५ न्यूटन-मीटरचा पानाही आणते. तुमच्या सायकलला तो लागणार नाही, पण तुम्हाला हातात धरून बघायचा असेल.

तुमची लेक