रविवारचा वर्ग चालू ठेवू का?

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय सुधे,

दिवाळीपासून पत्र नाही की फोन नाही. रागव, पण आधी हे वाच. आई बरी आहे, माझा गुडघाही बरा.

आज आपल्या चित्रकलेच्या वर्गाला एकच मुलगी आली. बाकीच्यांच्या आयांचं म्हणणं, "बाई, एलिमेंटरी परीक्षेचं वस्तुचित्र, स्मरणचित्र करून घ्या. समोर माणूस मॉडेल म्हणून बसवून ग्रेड मिळते का?" मंडईतल्या मावशी मात्र ठरल्या वेळी मॉडेल म्हणून येऊन बसल्या, अर्धा तास हलल्या नाहीत. त्यांच्या अंगठ्यावर कोथिंबिरीची माती वाळली होती. पोरीने कागदावर आधी ती माती रेखाटली, मग तिच्याभोवती हात. हे तुला नाही तर कोणाला सांगू?

चित्रकार अमृता शेरगिल पॅरिसला आधी ग्रांद शोमिएर या कलाशाळेत शिकली, एवढं आपण एटीडीला, कलाशिक्षकाच्या डिप्लोमाला, घोकलं होतं. ती शाळा काढली कोणी, हे मला या आठवड्यात कळलं. १९०४ साली स्वित्झर्लंडची मार्था श्टेटलर, बाल्टिककडची आलिस डानेनबेर्ग आणि स्पेनचा क्लाउदिओ कास्तेलुचो यांनी. तिघंही पॅरिसला परकी! प्रवेशपरीक्षा नाही, पैसे भरायचे, मॉडेलसमोर बसून चित्र काढायचं. एकोल द बोझार या सरकारी कलाशाळेने बायकांना घेतलं तेच मुळी १८९७ला. आणि इथे या दोघी बायकांनी वर्षानुवर्षं शाळा चालवली. आपला आयर्विन पूल खुला झाला त्याच १९२९ साली सोळा वर्षांची अमृता तिथे गेली.

"पॅरिसचं सांगलीला काय?" गणपतीच्या देवळाबाहेर तू हेच म्हणाली होतीस, वर माझ्या भडंगातले शेंगदाणे वेचून खाल्लेस. मी आठवडाभर अबोला धरला होता. तरी नंतर वर्ग आपण दोघींनीच काढला ना?

आता रविवार बंद करून परीक्षेची आणखी एक बॅच घेतली तर भाड्याची ओढाताण संपेल. हिशेब तीनदा मांडला, तिन्ही वेळा हेच उत्तर. पण २०१९च्या पुरात कमरेएवढ्या पाण्यातून आपण सगळ्या डाँकी, चित्र काढताना बसायची ती बाकडी, माळ्यावर चढवल्या, त्या काय ग्रेडसाठी? मला झोप लागत नाही गं.

तुझी नवी नोकरी कशी आहे? चिनूची दहावी ना यंदा? त्याला आशीर्वाद.

जाताना मावशींनी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का?" मी हो म्हणून बसलेय. तुझी खिळा वर आलेली डाँकी कोपऱ्यात तशीच आहे. एक रविवार येशील?

तुझी,
मंदा